दोन तारांची साक्ष

विरार पूर्वेला चंदनसार सोडून महामार्गाकडे निघालं, की शिरसाड फाटा, भाताणे, पारोळ, पार वज्रेश्वरीच्या वाटेपर्यंत जागोजागी जमीन उकरलेली दिसते. कुठे इमारतींचे पाये खणले जातायत, कुठे डोंगराला दगडखाण लागली आहे, कुठे मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचं काम, तर कुठे बुलेट ट्रेनचं. काम कुठलंही असो, तिथे पोकलेन असतेच. वीस टनांची ही मशीन तासाच्या भाड्यावर चालते. ती उभी राहिली की मागचे डंपर उभे राहतात, डंपर नाहीत म्हणून क्रशर थांबतो, आणि मग माझा फोन वाजायला लागतो.

मी या पट्ट्यात जागेवर जाऊन पोकलेन दुरुस्त करतो. हायड्रॉलिकची कामं येतात, ट्रॅकची येतात, बकेटच्या पिना-बुशांची येतात. पण मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरने. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, मागे दोन पिनांचं सॉकेट, बस. इंजिनाची राखण त्याच्याकडे असते. आणि आमच्या भागात या एका पार्टाबद्दल जितके गैरसमज आहेत, तितके दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच असतील. त्या गैरसमजांपायी चांगली इंजिनं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, मशीन गरम दाखवतेय. सेन्सर गेला असणार, येताना नवीन घेऊनच या." निदान आधीच झालेलं असतं, माझ्याकडे फक्त पार्ट बसवायचं काम उरलेलं असतं. मी सेन्सर घेऊन जातो, पण तो पिशवीतच ठेवतो. आधी बाहेर येतं ते मल्टिमीटर आणि थर्मामीटर.

हा सेन्सर करतो काय, ते आधी सांगतो. त्याच्या टोकात एक बारीक मणी असतो, थर्मिस्टर. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या मण्याचं उलट आहे, तो तापला की रोध उतरतो. मायकेल फॅरडेने 1833 साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा गुण पाहून नोंदवून ठेवला होता. त्याच गुणाच्या जोरावर आज खदानीतल्या इंजिनाचं तापमान केबिनमध्ये दिसतं. माझ्या हाताखालून जाणाऱ्या बऱ्याच सेन्सरांत 20 अंश सेल्सिअसला अडीच हजार ओहमच्या आसपास रोध मिळतो, 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि 100 अंशांना दोनशेच्या आत. कंपनी आणि मॉडेल बदललं की आकडे बदलतात, म्हणून ज्या त्या इंजिनाचा तक्ता हाताशी हवा. उतरण मात्र सगळीकडे अशीच.

इंजिनाचा कंट्रोलर एका तारेवर, आतल्या ठरावीक रोधातून, 5 व्होल्ट सोडतो. दुसरी तार परतीची. सेन्सर थंड असला की त्याचा रोध जास्त, म्हणून पहिल्या तारेवर व्होल्टेज चढं राहतं. तो गरम होत गेला की व्होल्टेज उतरत जातं, आणि त्यावरून कंट्रोलर तापमान ठरवतो. तार तुटली किंवा सॉकेट निघालं, तर पूर्ण 5 व्होल्ट उरतात, म्हणजे कंट्रोलरच्या हिशेबात उणे चाळीसची थंडी. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या किंवा सिग्नलची तार इंजिनाच्या बॉडीला लागली, तर व्होल्टेज शून्याजवळ येतं, म्हणजे कुठल्याही इंजिनाला सोसणार नाही इतकी उष्णता. असे अशक्य आकडे कंट्रोलर तापमान म्हणून धरत नाही. बिघाड म्हणून नोंदवतो आणि कोड टाकतो.

हे कोड नीट वाचले तर अर्धं काम तिथेच होतं. जड वाहनांसाठी आणि यंत्रांसाठी जे1939 नावाचं मानक आहे. त्यात कूलंटच्या तापमानाला 110 हा क्रमांक दिलेला आहे. त्याच्या जोडीला 3 आला तर व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, 4 आला तर कमी, आणि 0 आला तर सर्किट ठीक आहे पण तापमान खरोखरच धोक्याच्या वर गेलं आहे. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली, तेव्हापासून कमिन्सची इंजिनं आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या ओळखीची. त्यांच्यावर हेच कोड 144, 145 आणि 151 म्हणून येतात. कोमात्सुच्या मॉनिटरवर पहिले दोन सीए144 आणि सीए145 असे दिसतात.

म्हणून मालक 'सेन्सरचा कोड आलाय' म्हणाला की मी विचारतो, दादा, आकडा वाचून सांगा. 144 सांगतो की मला तापमान कळेनासं झालंय. 151 सांगतो की मला ते चांगलं कळलंय, इंजिन सांभाळा. या दुसऱ्या कोडवर सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढणं. आणि 144 किंवा 145 असला तरी कोड नाव घेतो ते सर्किटचं. सर्किटमध्ये सेन्सर आहे, सॉकेट आहे, दोन तारा आहेत आणि कंट्रोलरही आहे. त्यातलं नेमकं काय बिघडलं हे कोड सांगत नाही, ते शोधणं आपलं काम.

शोधायचं कसं, ते भाताण्याच्या बाजूच्या एका खाणीतल्या कामावरून सांगतो. मशीनला दगड फोडायचा ब्रेकर लावलेला होता. 144 येत होता, मधूनच जात होता, पुन्हा येत होता. आधी कोणीतरी नवीन सेन्सर बसवून गेलं होतं, कोड तसाच. मी सॉकेट काढलं, तारेचा छोटा तुकडा वाकवून सॉकेटच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या आणि हेल्परला चावी नुसती ऑन करायला सांगितली. तारा आणि कंट्रोलर धड असतील, तर अशा वेळी कोड उलटायला हवा. व्होल्टेज शून्यावर येतं, म्हणून 144 जाऊन 145 यायला हवा. आला, तर दोष सेन्सरचा. इथे 144 हलला नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष होता, जुनाही आणि नवाही.

मग मीटरची एक सळई इंजिनाच्या बॉडीला आणि दुसरी सिग्नलच्या पिनेला लावली. 5 व्होल्ट मिळाले. जाणारी तार धड होती. तीच पिन बॉडीला जोडली आणि मॉनिटरवर 145 आला. आता शंकेला जागा राहिली नाही, परतीची तार तुटली होती. बाकीच्या सेन्सरांची तक्रार नव्हती, म्हणजे सगळ्या परतीच्या तारा जिथे एकत्र होतात त्या जोडाच्या अलीकडेच तुटली होती. तेवढी हातभर वायरिंग उघडायची होती. काळी टेप सोडवत गेलो. तार वरून अखंड दिसत होती, कुठे खरचटलेलीही नव्हती. पण क्लिपपाशी चिमटीत धरून हलकेच ओढली तेव्हा ती लांबली. आत तांबं तुटलेलं होतं आणि वर नुसतं आवरण शाबूत होतं. ब्रेकर चालला की दोन टोकं दूर जायची, मशीन शांत झाली की कधीकधी पुन्हा टेकायची.

आमच्याकडचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर दिवसभर ब्रेकर चालवला की त्याचा हादरा बूममधून थेट इंजिनाच्या प्रत्येक क्लिपेपर्यंत पोचतो. खाणीतल्या मशीनवर 144 आला तर मी क्लिपा आधी तपासतो, याचं कारण हे. पावसाळ्यात खाणकाम थांबून मशीन काही महिने उभी राहिली असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा आधी बघतो. आजूबाजूला भातखाचरं आहेत, बॉनेटखाली कोरडी जागा आहे, उंदीर तिथे यायचेच. आणि एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले असतील, तर एकेक सेन्सर बदलत बसण्यात अर्थ नसतो. सगळ्यांची सामाईक 5 व्होल्टची तार किंवा सामाईक परत तपासायची.

ज्या बिघाडात कोड येतो तो बिघाड त्यातल्या त्यात बरा. निदान मशीन ओरडून सांगते. मला खरी धास्ती वाटते ती कोड न येणाऱ्या बिघाडाची. अर्नाळ्याच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात काम करणारी एक मशीन होती. ऑपरेटरची तक्रार एवढीच होती की बॉनेट उघडलं की फार धग येते आणि कूलंटच्या डब्यात बुडबुडे दिसतात. मालकाचं म्हणणं होतं, "मीटर तर बरोबर दाखवतोय." मॉनिटरवर 81 अंश होते. मी थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवली आणि तिच्यावर थर्मामीटर धरला. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर खूपच कमी दाखवतो, टेपवर बरोबर दाखवतो. आकडा आला 103.

सॉकेट काढलं तर दोन्ही पिनांवर हिरवट गंज होता. त्या गंजाचा रोध मोजला तो दीडशे ओहमच्या आत-बाहेर. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. सकाळी इंजिन थंड असताना सेन्सरचा रोध अडीच हजार ओहम असतो. त्यात दीडशे मिळाले तर तापमान एखाद्या अंशानेच कमी दिसेल, कोणाच्या ध्यानातही येणार नाही. दुपारी इंजिन 103 अंशांवर पोचतं तेव्हा सेन्सरचा रोध असतो पावणेदोनशेच्या आसपास. आता त्यात तेच दीडशे मिळाले की बेरीज होते सव्वातीनशे, आणि तक्त्यात सव्वातीनशेसमोर लिहिलेलं असतं 80 अंश. गंज तोच, पण सकाळी तो निरुपद्रवी असतो आणि दुपारी, जेव्हा खरं कळायची सगळ्यांत जास्त गरज असते, तेव्हाच तो वीस अंश लपवतो. 80 अंश हे अगदी रोजचं तापमान असल्यामुळे कंट्रोलरला संशय यायचं कारण नाही, कोडही येत नाही.

पिना बदलल्या, सॉकेटच्या रबरी सील नव्या घातल्या, आत इलेक्ट्रिकल ग्रीस भरलं. मॉनिटर खरं सांगू लागला. मग मूळ आजार दिसला. पंख्याचा बेल्ट ढिला होऊन घसरत होता. बेल्ट ताणून बसवल्यावर पाणी 85 वर स्थिरावलं. सेन्सर खोटं बोलत होता आणि इंजिनही खरोखर गरम होत होतं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मी मॉनिटरच्या आकड्याला स्वतंत्र थर्मामीटरची जोड दिल्याशिवाय कुठलंही मत देत नाही. आणि मशीन धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा सॉकेटवर धरू नका, असं प्रत्येक ऑपरेटरला सांगतो. निम्म्या गंजाची सुरुवात तिथूनच होते.

आता सेन्सर खरं बोलत असतो आणि कोणी ऐकत नाही, ती बाजू. क्रशरजवळच्या मशीनचा फोन बहुतेक दुपारनंतर येतो. सकाळी ठीक, जेवणाच्या सुट्टीनंतर काटा चढायला लागतो, ब्रेकर लावला की आणखी चढतो, पाच-दहा मिनिटं आयडल ठेवली की उतरतो. हे ऐकलं की मी सेन्सरचा विचार बाजूला ठेवतो. इंजिनात आणि रेडिएटरमध्ये मिळून वीसेक लिटर पाणी असतं. इतकं पाणी एका सेकंदात तीस अंश तापू शकत नाही. खरी उष्णता चढत जाते, कामाच्या जोरावर वाढते, विश्रांतीने उतरते. विजेचा दोष उडी मारतो, आत्ता 85, पुढच्या क्षणी उणे चाळीस, पुन्हा 85. ऑपरेटरला मी नेहमी हेच विचारतो की काटा चढला की उडाला? त्याच्या उत्तरावरून पुढची दिशा ठरते. दिवसभर त्या काट्यासमोर बसणारा माणूस तोच असतो, आणि त्याला विचारण्यात मिस्त्रीला कमीपणा वाटायचं कारण नाही.

क्रशरजवळ बहुतेक वेळा कारण सापडतं ते रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्या मधल्या फटीत. बाहेरून जाळी साफ दिसते, कारण हेल्पर रोज हवा मारतो. पण मधल्या फटीत दगडाची भुकटी आणि तेलाचा ओलावा मिळून गोधडीसारखा थर बसलेला असतो. दोन-तीन बोल्ट काढून कूलर बाजूला केल्याशिवाय तो दिसतच नाही. हवा मारायची तीही पंखा ज्या दिशेने वारा ओढतो त्याच्या उलट दिशेने आणि जरा लांबून, नाहीतर पाकळ्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. एका मालकाने अशाच मशीनवर लागोपाठ सेन्सर बदलले होते. प्रत्येक नव्या सेन्सरने जुन्यासारखंच सांगितलं. त्यांनी ते ऐकलं असतं, तर निव्वळ सफाईच्या मजुरीत काम भागलं असतं.

एक गोष्ट प्रत्येक ऑपरेटरने पाठ करून ठेवावी. काटा चढत चढत वर गेला आणि काम तसंच चालू असताना अचानक खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच खरं सांगू शकतो. होज फुटला, पाणी वाहून गेलं आणि पातळी सेन्सरच्या टोकाखाली उतरली, की टोक वाफेत उघडं पडतं. वाफ पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, म्हणून आकडा उतरतो किंवा डळमळतो, आणि त्याच वेळी आत हेड तापत असतं. असं झालेल्या इंजिनाचं हेड मी उतरवलं आहे. गॅस्केट जळालेलं होतं, हेडची पातळी गेलेली होती. ऑपरेटर बिचारा म्हणत होता की काटा खाली आला म्हणून चालवत राहिलो. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पाणी जागेवर असेल आणि काटा वर असेल, तर काम थांबवून इंजिन आयडलवर ठेवा, पंखा आणि पंप फिरत राहिले तर ते हळूहळू थंड होतं. पाणी गेल्याची शंका असेल तर ताबडतोब बंद करा. आणि दोन्ही वेळी रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उसळतं, हात आणि तोंड भाजतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. विरारमध्ये बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, टँकरचं पाणी आहे की, असं मला कायम ऐकवलं जातं. कूलंटमधल्या ग्लायकॉलचं काम गोठण थांबवण्यापुरतं नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं तर उकळबिंदू 107 अंशांच्या पुढे जातो, रेडिएटरच्या झाकणाचा दाब तो आणखी वर नेतो. कूलंटमधली रसायनं गंज धरू देत नाहीत. डिझेल इंजिनाच्या ओल्या लायनरला प्रत्येक स्फोटाबरोबर थरथर सुटते. त्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लायनरच्या भिंतीवर फुटून तिला टाचणीएवढी भोकं पाडतात. ही झीजही तीच रसायनं आवरतात. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने यातलं काही होत नाही. उलट क्षारांचा पांढरा थर सेन्सरच्या टोकावर बसतो आणि उष्णता मण्यापर्यंत उशिरा पोचते. असा सेन्सर बाहेर काढला की वरून दगडी दिसतो. थर खरवडून मोजला तर बहुतेक वेळा आतला मणी उत्तम असतो.

जुन्या मशीनवर आणखी एक गंमतीदार वाटणारा पण महागात पडणारा दोष असतो. त्यांच्या काट्याच्या सेन्सरला एकच तार असते, परतीची वाट म्हणजे सेन्सरची पितळी बॉडी आणि तिचे आटे. गळती नको म्हणून कोणी त्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गच्च गुंडाळली, की परतीची वाट अडते आणि काटा थंडच दाखवत राहतो. दोन तारांच्या सेन्सरला टेपने असा फरक पडत नाही, कारण त्याची परत वेगळी असते. म्हणून मशीनखाली शिरण्याआधी तारा मोजाव्यात.

सेन्सर बदलायचीच वेळ आली, तरी नवीन पार्ट मी आधी तपासतो. बाजारात नकली माल भरपूर आहे, डबी हुबेहूब, आत काहीही. घरच्या गॅसवर पातेल्यात पाणी ठेवायचं, सेन्सर तारेने टांगून नुसतं टोक बुडवायचं, शेजारी थर्मामीटर. पाणी तापत जाईल तसा दर दहा अंशांना रोध लिहायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचा. विरार समुद्रसपाटीजवळ असल्यामुळे पाणी उकळलं म्हणजे 100 अंश, वेगळा हिशेब लागत नाही. महाबळेश्वरला हेच करायचं तर पाणी 95-96 अंशांनाच उकळेल, हे लक्षात ठेवायला हवं. आकडे एकसारखे उतरत गेले पाहिजेत. मध्ये कुठे अडखळले किंवा उसळले, तर तो सेन्सर मी दुकानदाराला परत करतो.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते सांगतो. सेकंडहँड घेतलेली एक मशीन इंजिन जाम होऊन माझ्यापर्यंत आली. पाण्याचा पंप बसला होता, लायनरवर ओरखडे, पिस्टन चिकटलेले. मालक पुन्हा पुन्हा म्हणत होते की मॉनिटरवर 83 होतं, अलार्म एकदाही वाजला नाही. सेन्सरपर्यंत हात घातला तर तो मोकळाच होता. त्याचं सॉकेट वळवून मागे टेपने बांधलेलं होतं, आणि टेपच्या आत दोन पिनांमध्ये एक साधा रेझिस्टर सोल्डर केलेला होता. आधी कोणीतरी अलार्म बंद करायची ही युक्ती काढली होती. रेझिस्टर तापमान बघत नाही. पंप बसला तेव्हाही 83, पाणी उकळलं तेव्हाही 83, पिस्टन चिकटले तेव्हाही 83. आमच्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात आणि काहीजण ती कारागिरी समजतात. हे काम करणाऱ्याने पुढच्या मालकाला फसवलं आणि केबिनमध्ये बसणाऱ्या ऑपरेटरलाही फसवलं.

सेन्सरचा कोड आलेला असताना मशीन तशीच चालवत राहणंही याच्याच जवळपास जातं. सर्किट तुटलं की कंट्रोलर काही इंजिन बंद करत नाही. एक ठरावीक तापमान मनाशी धरून तो काम चालू ठेवतो, म्हणून मालकाला वाटतं, चालतेय ना, पाहू पुढच्या आठवड्यात. पण त्या काळात तापमान वाढलं तर इंजिनाची ताकद कमी करून त्याला वाचवणारी व्यवस्था आंधळी झालेली असते. इंजिन चालत असतं, पण त्याला राखण नसते. सेन्सर हजारांत येतो, इंजिनाचं काम लाखांत जातं. ही तुलना मी प्रत्येक मालकासमोर मांडतो, आणि जे ऐकतात त्यांचं भलं झालेलं पाहतो.

आमच्या कामात हाताची ताकद लागतेच, पण आजच्या मशीनला त्याहून जास्त लागते ती मोजण्याची सवय. आयटीआयमधून येणारी मुलं माझ्याबरोबर साइटवर येतात तेव्हा त्यांना मी पाना नंतर देतो, आधी मीटर देतो. पाण्याची पातळी बघ, झाकण बघ, बेल्ट आणि जाळी बघ. मग थर्मामीटर लाव आणि मॉनिटरशी ताडून पाहा. मग कोड वाच, सॉकेट उघडून पिना बघ, 5 व्होल्ट मोज, कोड उलटतो का ते पाहा. सेन्सर सगळ्यांत शेवटी. या क्रमाने जाणारा मुलगा तासाभरात दोषापर्यंत पोचतो आणि मालकाला कारण समजावून सांगू शकतो. क्रम सोडणारा दुकानात फेऱ्या मारत राहतो.

मालकांना माझी विनंती आहे. मिस्त्रीला पार्ट सांगू नका, लक्षण सांगा. कोडचा आकडा लिहून ठेवा, काटा चढला की उडाला ते ऑपरेटरला विचारा, आणि मोजण्याच्या वेळेचे पैसे द्यायला खळखळ करू नका. ऑपरेटर भावांना सांगणं आहे, रोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहा आणि अलार्म वाजला की थांबा, मालक ओरडला तरी थांबा. आणि माझ्यासारख्या मिस्त्र्यांना एकच सांगतो, मोजल्याशिवाय सेन्सर बदलू नका, आणि कितीही दबाव आला तरी इशारा देणारी तार डायरेक्ट करू नका.